फ्लॉवरमधली अळी आणि मोहरीच्या दोन ओळी

मंडईत फ्लॉवर घेताना आपण काय पाहतो? गड्डा पांढराशुभ्र हवा, पानाला भोक नको, अळी तर मुळीच नको. एक छिद्र दिसले की गड्डा बाजूला. हा निरोप भाजीवालीकडून व्यापाऱ्याकडे आणि तिथून शेतकऱ्याकडे पोहोचतो. मग काढणी तोंडावर आली असतानाही पंप पाठीवर चढतो. या फवारणीचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणे मला पटत नाही.

कोबी-फ्लॉवरची मुख्य कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची बारीक हिरवी अळी भलतीच चिवट. ती डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद जावा बेटावरून १९५३ सालीच झाली. पुढे तिने एकामागून एक औषधे पचवली. (तेव्हा अळी निघाली म्हणजे भाजी बिनविषारी, हा समजही भाबडाच!) वारंवार फवारल्याने मरतात ते अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या आणि मावा फस्त करणारे ढालकिडे, म्हणजे आपलेच राखणदार.

यावर साधा उपाय आहे. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तो दाखवून दिला. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या. एक लागवडीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग आणि मावा मोहरीकडे ओढले जातात. औषध मारायचेच तर मोहरीवर मारावे. कोबीवर पाच टक्के निंबोळी अर्क पुरे: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करावे.

फवारणाऱ्या घरातील माणसांनी एवढे लक्षात ठेवावे. फवारणीनंतर मळमळ, लाळ सुटणे, दरदरून घाम, अंधारी अशी लक्षणे दिसताच कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीसह तडक दवाखाना गाठावा. लिंबूपाणी, ताक पाजत वेळ घालवू नये.

गृहिणींनी कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत. मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, पण भाजीत मुरलेले औषध निघत नाही. आणि भाजीवालीला एकदा विचारून पाहा, भोकाचा गड्डा आहे का? ती आधी हसेल.