पोरगा जेवला का, हे आधी विचारा

परवा मुरुममध्ये एक कॉलेजचा पोरगा भर दुपारी प्लास्टिकचा रेनकोट घालून पळताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "दादा, उद्या वजनं आहेत. दोन किलो उतरवायचंय." मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं चूळ भरली आणि थुंकून टाकली.

मला माझेच दिवस आठवले. ६८ किलोचा असून मी ६५ मध्ये लढायचो. दोन दिवस उपाशी. वजन झालं की मिळेल ते कोंबायचं आणि कुस्तीत पाय लटपटायचे. रात्री जिंकलं म्हणून बसायचं, हरलं म्हणूनही बसायचं. सुकलेल्या अंगात दारू कशी भिनते, ते सांगायला नको. कुस्ती सुटली, पण आधी उपास आणि मग अधाशासारखं खाणं, ही सवय कित्येक वर्षं सुटली नाही.

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी बाद झाली. आपण सगळे हळहळलो, पण वजन उतरवण्याच्या पद्धतीवर कुणी बोललं नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथं कॉलेजच्या कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली, प्रत्येकाचं किमान वजन ठरवून देऊ लागले. आपण कुणाच्या मरणाची वाट बघतोय?

मुलींचं तर कुणी बोलतच नाही. "जाड झालीस, पळणार कशी?" एवढं ऐकलं की पोरगी रात्रीची भाकरी सोडते. पाळी बंद झाली तरी घरी सांगत नाही. हा फिटनेस नाही, दवाखान्यात न्यायची वेळ आहे.

आपल्या जिल्ह्याच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. गरिबीमुळे दहाएक वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, असं त्यांनीच सांगितलं होतं. ज्या जिल्ह्यात नाइलाजानं उपाशीपोटी खेळावं लागलं, तिथं घरात भाकरी असताना पोरांनी काट्यासाठी उपाशी राहावं?

वस्तादांना आणि क्रीडा शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. ज्याचं जेवढं वजन, त्याला त्याच गटात उतरवा. एखादं मेडल कमी आलं तर चालेल. तालमीत पूर्वी पहिला प्रश्न खुराकाचा असायचा. तो पुन्हा विचारायला लागू या.