‘येईल फिरून’ म्हणण्याआधी: तुमचं मांजर बाहेर जातं का?

घरात मांजर असेल तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: ‘मांजरच आहे ते, येईल फिरून.’ बहुतेक वेळा ते येतंही. दुपारभर गच्चीवर लोळायचं, पार्किंगमध्ये एक चक्कर मारायची, शेजारच्या काकूंकडे डोकावायचं आणि जेवणाच्या वेळेला दारात हजर. म्हणूनच एखाद्या रात्री ते आलं नाही, तरी आपण दोन दिवस वाट बघण्यातच घालवतो. शोधायला सगळ्यात महत्त्वाचे असतात ते नेमके हेच दोन दिवस.

शहरात मांजर घरातच ठेवावं, असं बरेच पशुवैद्य सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण आपली घरं कशी असतात, हेही आपल्याला माहीत आहे. तळमजला, दिवसभर उघडं दार, बैठ्या घरांची कौलं, कामाला येणाऱ्या मावशी, खेळायला पळणारी मुलं. तुमचं मांजर आधीपासूनच बाहेर जात असेल, तर तीन गोष्टी करा. त्याचं बाहेरचं जग छोटं करा, त्याची वेळ ठरवा आणि त्या जगातल्या माणसांना तुमचं मांजर ओळखीचं करून द्या. आजच्या सगळ्या टिप्स या तीन गोष्टींभोवतीच आहेत.

बाहेर सोडण्याआधी दोन कामं

पहिलं काम लसीकरणाचं. पिल्लू साधारण ६ ते ८ आठवड्यांचं झालं की लसी सुरू होतात आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने ते ४ महिन्यांचं होईपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण ३ महिन्यांनंतर दिली जाते. पुढचे बूस्टर कधी द्यायचे ते तुमचे पशुवैद्य सांगतील. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अजिबात बाहेर सोडू नका. पॅनल्यूकोपेनिया या आजाराचा विषाणू बाहेर जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर घरातही येऊ शकतो. लहान पिल्लं या आजारात फार लवकर दगावतात.

दुसरं काम नसबंदीचं. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग बघू’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. मांजरी ४-५ महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण ९ आठवड्यांत पिल्लं होतात. नसबंदी न झालेला बोका मांजरीच्या वासाने लांबवर भटकतो, रस्ते ओलांडतो, दुसऱ्या बोक्यांशी भांडतो. चावे आणि ओरखडे यांतून जखमा पिकतात, गंभीर विषाणूंचा संसर्गही होतो. नसबंदीनंतर भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. मांजराचं जग छोटं करण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे.

गळ्यात काय बांधाल?

नजर लागू नये म्हणून काळा दोरा किंवा छान दिसतो म्हणून घुंगरांचा गोफ, हे दोन्ही बाहेर जाणाऱ्या मांजराच्या गळ्यात नको. दोरा फांदीत किंवा खिडकीच्या गजात अडकला तर तो सुटत नाही. मांजर सुटायला जितकी धडपड करेल तितका तो आवळत जातो.

झटका बसला की आपोआप उघडणारा पट्टा मिळतो, तो घ्या. पट्टा आणि मान यांच्या मध्ये तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. त्यावर मांजराचं नाव नसलं तरी चालेल, पण तुमचा मोबाईल नंबर हवा. नुसता पट्टा दिसला तरी ‘हे कुणाच्या तरी घरचं आहे’ एवढं लोकांना कळतं.

मायक्रोचिपही बसवता येते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली असते आणि तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. पण तिच्यामुळे मांजर कुठे आहे ते फोनवर दिसत नाही. कुणीतरी मांजराला दवाखान्यात नेऊन स्कॅन केलं आणि त्या क्रमांकावर तुमची माहिती नोंदवलेली असली, तरच तिचा उपयोग होतो.

वेळ ठरवा

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चपळ असतात, कारण ती त्यांची शिकारीची वेळ. आपल्या गाड्यांची गर्दी नेमकी संध्याकाळीच असते आणि रात्री रस्ता सामसूम झाला की भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या फिरू लागतात. त्यामुळे एक नियम पक्का करा: अंधार पडण्याआधी मांजर घरात.

हे जमवायचं कसं? मांजराचं मुख्य जेवण संध्याकाळी ठराविक वेळेलाच द्या. जेवणाआधी रोज एकच आवाज करा. खाण्याचा डबा वाजवा किंवा नावाने हाक मारा. काही दिवसांत त्या आवाजाला मांजर धावत येतं. मात्र बाहेर पायरीवर खाणं ठेवू नका. त्या वासाने कुत्री आणि दुसरे बोके येतात आणि मग भांडणं दारातच सुरू होतात.

दिवाळीत, लग्नाच्या मोसमात, ढोल-ताशाच्या मिरवणुकीच्या दिवशी दुपारीच त्याला घरात घ्या. फटाक्यांना घाबरलेलं मांजर वाट फुटेल तिकडे पळतं. होळीच्या दिवशीही तेच, कारण अंगावर उडालेला रंग ते चाटून पोटात घेतं.

संक्रांतीच्या आसपास गच्चीवर मांजा पडलेला असतो. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका. आतली आतडी कापली जाऊ शकतात. तसंच थेट दवाखान्यात न्या.

‘चार पायांवर पडतं’ याच्या भरवशावर राहू नका

मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते हवेत वळतं हे खरं आहे, पण त्याला लागत नाही हे खरं नाही. इमारतींवरून पडलेल्या आणि न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ९० टक्के वाचली. हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नका. ही दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती. जागीच गेलेली मांजरं कुणी दवाखान्यात आणत नाही. वाचलेल्यांमध्येही छातीला मार, मोडलेले जबडे, मोडलेले पाय अशा दुखापती होत्या.

बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडू शकतं. शक्य असेल तर धातूची जाळी लावा, नाहीतर नायलॉनची जाळी दर आठवड्याला कोपऱ्यांपासून तपासा. ग्रिलच्या फटीतून मांजराचं डोकं जात असेल, तर बाकीचं अंगही जाईल असं समजा.

जाळी लावलेली बाल्कनी हेच खरं तर मांजराचं सगळ्यात सुरक्षित ‘बाहेर’ आहे. तिथे एक उंच फळी, एक खोका आणि गव्हाचे दाणे पेरून उगवलेलं गवत ठेवा. ऊन, वारा, पक्षी सगळं तिथे बसून बघता येतं. फिरायला न्यायचं असेल तर छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या आणि आधी काही दिवस घरातच घालून सवय करा. नुसत्या गळपट्ट्याला दोरी बांधू नका.

पार्किंग आणि विष

थंडीत किंवा पावसात मांजर नुकत्याच आलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये उबेला शिरतं. दिल्ली, इंदूर, नागपूर अशा कडक थंडीच्या शहरांत हे विशेष लक्षात ठेवा. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थापटायची सवय स्वतःला लावा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.

दुसरा धोका उंदराच्या औषधाचा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल तर तारीख आणि औषधाचं नाव आधी विचारून घ्या आणि त्या दिवसांत मांजर घरात ठेवा. ब्रोमाडायोलोनसारख्या औषधाने रक्त गोठणं थांबतं. त्याची लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी धोका असतोच. या विषावर व्हिटॅमिन के-१ चा उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. झिंक फॉस्फाइडवर मात्र ठराविक उतारा नाही. म्हणून शंका आली की ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन निघा. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.

जिने आणि लॉबी पुसायचं फिनाईलही मांजरांसाठी विषारी आहे. ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतं. ते दारात आलं की पंजे साध्या पाण्याने धुऊन पुसा. चिकट उंदीरपट्टीवर अडकलं तर ओढून काढू नका. त्या जागी खायचं तेल चोळा, चिकटपणा हळूहळू सुटतो.

आणि मांजर लंगडत घरी आलं तर त्याला आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही. एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

शेजाऱ्यांशी बोला

हा मुद्दा बहुतेक जण टाळतात, पण बाहेर जाणाऱ्या मांजराची सुरक्षितता बरीचशी यावरच असते. तुळशीच्या कुंडीत केलेली घाण, नव्या स्कूटरच्या सीटवर ओढलेल्या नख्या, वाळत घातलेल्या पापडांवरून मारलेली चक्कर. तुम्हाला हे गोड वाटेल, समोरच्यांना नाही. मांजर बाहेर जात असलं तरी घरात लिटर बॉक्स ठेवा. तक्रार आली तर वाद न घालता नुकसान भरून द्या. वॉचमनकाकांना मांजराचा फोटो आणि तुमचा नंबर द्या. मुलांना सांगा, ‘हा आमचा मोती, त्याला नसबंदी आणि लसी झाल्यात, दगड मारू नका.’ ओळखीच्या मांजराला कुणी सहसा त्रास देत नाही आणि काही झालं तर फोनही लगेच येतो.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. विष घालून मारणं किंवा अपंग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं. त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण कलम सांगायची वेळ येण्याआधी चहाचा एक कप जास्त कामाचा असतो.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर

बाहेर फिरणारं मांजर कुणाला चावलं, तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुमच्या मांजराला कुत्रा चावला असेल, तर लस झालेली असली तरी त्याला त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.

घर बदलताय?

बदलीच्या नोकरीत हा प्रश्न हमखास येतो. कुत्र्याला माणसाचा लळा आणि मांजराला घराचा, असं म्हणतात ते उगाच नाही. नव्या जागी किमान ३ आठवडे मांजराला बाहेर सोडू नका. आधी एकाच खोलीत ठेवा. त्याची जुनी गोधडी न धुता तिथेच अंथरा. लवकर सोडलं तर ते जुन्या घराच्या ओढीने निघतं आणि अनोळखी रस्त्यांवर हरवतं.

आणि हरवलंच तर

वाट बघू नका, त्याच दिवशी शोधायला लागा. हरवलेल्या मांजरांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं ५०० मीटरच्या आतच सापडली होती. म्हणून आधी जवळच शोधा:

• गाड्यांखाली, जिन्याखाली, मीटर रूम आणि पंप रूममध्ये, गच्चीवरच्या टाकीमागे बघा.
• कुलूपबंद गाळे, गॅरेज आणि नुकतेच गावाला गेलेल्यांचे फ्लॅट उघडून बघायची विनंती करा. मांजर बरेचदा आत कोंडलं गेलेलं असतं.
• रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा जा. अंधारात त्याचे डोळे चमकतात. घाबरलेलं मांजर तुमच्या हाकेलाही ओ देत नाही, त्यामुळे नजरेने शोधा.
• सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, पण एखादी खूण स्वतःजवळ ठेवा. ‘तुमचं मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतात, तेव्हा ती खूण विचारा.

यासाठी मांजराचा दोन्ही बाजूंनी काढलेला स्पष्ट फोटो फोनमध्ये असायला हवा. झोपलेले गोंडस फोटो तुमच्याकडे भरपूर असतील, पण त्यांत शेपटी आणि अंगावरचे ठिपके दिसत नाहीत. आज संध्याकाळी ते जेवायला आलं की आधी तेवढा एक फोटो काढा आणि वॉचमनकाकांना पाठवून द्या.