औषध आहे, रुग्ण सापडत नाही

रक्तदान शिबिर होऊन पंधरा दिवस झालेले असतात. रक्तपेढीतून फोन येतो, 'एकदा येऊन भेटा.' चाळिशीचा, धडधाकट, केळीच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस घाबरतच बाह्यरुग्ण विभागात येतो. हातातल्या कागदावर 'हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेलं असतं. 'साहेब, मला कधी कावीळ झाली नाही, दारूला हात लावत नाही. मग हे कुठून आलं?' जळगाव-धुळ्याकडच्या शासकीय रुग्णालयात काम करताना हा प्रश्न वारंवार कानावर येतो.

कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे आठवतात. ती बहुधा दूषित पाण्यातून येणारी 'ए' किंवा 'ई' प्रकारची असते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. 'सी'ची गोष्ट वेगळी. तो रक्तातून येतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहतो.

हे त्याला जमतं कसं? त्याचा जनुकीय मजकूर जेमतेम ९,६०० अक्षरांचा आहे. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो पेशीच्याच यंत्रणेकडून सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एक सलग साखळी बनवून घेतो. ती कापली जाऊन दहा प्रथिने तयार होतात. त्यांतली तीन विषाणूचं शरीर घडवतात, बाकीची सात पेशीच्या आतला कारभार बघतात. 'एनएस-३' हे प्रथिन कात्रीचं काम करतं. ते साखळी तर कापतंच, शिवाय 'विषाणू शिरला' हा इशारा पुढे पोचवणारं आपल्या पेशीचं प्रथिनही कापतं. चोराने घरात शिरताच आधी टेलिफोनची तार तोडावी, तसं. 'एनएस-४बी' पेशीतल्या पडद्यांना वळवून आडोसा उभा करतं आणि त्या आडोशाला 'एनएस-५बी' विषाणूच्या नकला काढत बसतं.

या नकलाकाराला चुका तपासता येत नाहीत. एका रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे चुकाही अगणित. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं रूप सतत बदलत राहतं आणि आपली प्रतिपिंडे कालचा फोटो घेऊन आजच्या चोराला शोधत फिरतात. 'सी'विरुद्ध अजून लस नाही, त्याचं हे एक मोठं कारण. दुखत-खुपत काहीच नसताना यकृतावर मात्र व्रण साठत जातात. आजार जुनाट झालेल्यांपैकी शंभरातल्या १५ ते ३० जणांचं यकृत वीस वर्षांत आक्रसून निकामी होऊ लागतं, म्हणजे सिरोसिस होतो. पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पण याच प्रथिनांनी विषाणूचा घात केला. १९८९ मध्ये त्याचा शोध लागला. पुढे एकेका प्रथिनाची रचना कळली आणि त्यावर नेमकी औषधे बनली. सोफोसबुविर नकलाकाराच्या हाती खोटी वीट देतं, नक्कल तिथेच अडते. डॅक्लाटासविर 'एनएस-५ए' या दुसऱ्या प्रथिनाला जखडतं. दोन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर रूप बदलून निसटणं अवघड होतं. हा विषाणू आपल्या जनुकांत जाऊन लपत नाही, म्हणून तो शरीरातून पूर्णपणे जाऊ शकतो. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. सोफोसबुविरची एक गोळी अमेरिकेत २०१३ मध्ये हजार डॉलरला होती. भारतीय कंपन्यांनी ती बनवू लागल्यावर किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा संसर्ग होता. २०३० पर्यंत या आजाराला आटोक्यात आणण्याचं उद्दिष्ट आहे. माझ्या मते आता अडचण औषधाची नाही, दोन तपासण्यांमधल्या अंतराची आहे. पहिली तपासणी फक्त प्रतिपिंडे दाखवते. साधारण दहातल्या तिघांच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेला असतो, तरी प्रतिपिंडे राहतात. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनए तपासणीच सांगते. त्यासाठी चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्रीच्या माणसाने पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून यायचं. काही जण येत नाहीत. कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, कुणी मुलीच्या लग्नाआधी बोभाटा नको म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच वेळी घेतलेल्या रक्तातून दुसरी करणं, हा यावरचा साधा उपाय आहे. किती जण पॉझिटिव्ह निघाले यापेक्षा त्यांतले किती गोळ्या पूर्ण करून बरे झाले, हा आकडा दरमहा विचारला गेला पाहिजे.

दुसरी बाजू आपल्या सवयींची. 'गोळी नको, सुई द्या' हा हट्ट सोडावा. सुई लागलीच, तर नवं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगावं. गोंदवताना, दाढी करताना सुई-ब्लेड नवं असावं. सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलच्या काही मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. अशी मुलं आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांची नियमित तपासणी व्हायलाच हवी.

हा आजार एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही, त्यामुळे घरातल्या माणसाचं ताट वेगळं काढू नका. पूर्वी कधी रक्त घेतलं असेल, ऑपरेशन झालं असेल किंवा कुठेही सुया टोचून घेतल्या असतील, तर एकदा तपासणी करून घ्या. आणि असा कागद कपाटात पडलेला असेल, तर तो घेऊन शासकीय रुग्णालयात या.