डोळ्यांच्या भरवशावर आकाश सोडू नका

25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली आणि एक वाक्य वारंवार कानी पडू लागलं : आभाळ एवढं मोठं, त्यात दोन विमानतळांची कसली अडचण?

आभाळ मोठं आहे, पण धावपट्टीवर उतरायची वाट चिंचोळी असते. मुंबईचा सांताक्रूझ आणि नवी मुंबईचा उलवे, दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम. त्याच परिसरात जुहू विमानतळावरून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राला जाणारी हेलिकॉप्टरं आणि कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरची नौदलाची हेलिकॉप्टरं. प्रवासी विमान उपकरणांच्या आधारे येतं, हेलिकॉप्टर बरेचदा नजरेच्या आधारे.

भारतात विमानतळांभोवतीचं नियंत्रित आकाश 'डी' वर्गात मोडतं. या वर्गात दोघांनाही नियंत्रकाची परवानगी लागते. पण उपकरणांवर उडणाऱ्या दोन विमानांत अंतर राखणं एवढंच नियंत्रकावर बंधनकारक असतं. विमान आणि नजरेनं उडणारं हेलिकॉप्टर यांना तो फक्त एकमेकांची माहिती देतो. पुढचं ज्यानं त्यानं बघायचं. 'सी' वर्गात या दोघांतलं अंतरही नियंत्रकच राखतो. मुंबई-नवी मुंबईच्या आकाशाला हाच वर्ग हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

'वैमानिकाला डोळे आहेत की!' आहेत. नजरेच्या उड्डाणाला किमान 5 किलोमीटर दृश्यता लागते. विमान ताशी 260 आणि हेलिकॉप्टर ताशी 220 किलोमीटरनं समोरासमोर आलं, तर ते 5 किलोमीटर 38 सेकंदांत संपतात. हिवाळ्यात तळोजा-पनवेलवर धुरकट चादर पसरते तेव्हा पाम बीच रस्त्यावर उभं राहून खारघरचा डोंगर शोधून पाहावा.

'टक्कर टाळणारं यंत्र आहे ना?' 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन विमानं आदळून 349 माणसं गेली, त्यानंतर आपण ते सक्तीचं केलं आणि योग्यच केलं. पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ते 'वर जा, खाली जा' हा आदेश देतच नाही. हेलिकॉप्टरची गाठ नेमकी तिथेच पडते.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून 67 जण मेले, ते आकाश तर 'सी'हूनही कडक, 'बी' वर्गाचं होतं. मग अक्षर बदलून काय साधणार? तिथे अंतर राखायचं काम परवानगीनं पुन्हा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या डोळ्यांवर सोपवलं गेलं होतं, तेही रात्री. हेलिकॉप्टरचा ठरलेला मार्ग आणि विमानाची उतरण यांत एका जागी जेमतेम 75 फुटांचं अंतर उरत होतं, हे चौकशीत पुढे आलं. म्हणून 'सी' वर्गासोबत उतरणीच्या वाटा टाळणारे हेलिकॉप्टर-मार्ग नकाशावर कायमचे आखा आणि तिथे नजरेच्या सबबीवर अंतर कमी करायची मुभा ठेवू नका.

जुहू बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. समुद्रातल्या तेलफलाटांवरच्या कामगारांना, रुग्णांना हेलिकॉप्टर लागतंच. 'सी' वर्गात हेलिकॉप्टरांना थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

नियंत्रकांवर भार वाढेल, हे मात्र खरं. मग माणसं वाढवा, हेलिकॉप्टरांसाठी स्वतंत्र नियंत्रक बसवा. वॉशिंग्टनमध्ये त्या रात्री विमानं आणि हेलिकॉप्टरं एकाच नियंत्रकाकडे होती.