आमचे घर तसले नाही!

दिवाळीच्या अंकात मृत्युपत्राचा विषय काढला म्हणून काही वाचक रागावतील. ‘सणासुदीचे दिवस, आणि या मास्तरांना हे काय सुचले!’ असे म्हणून पान उलटतील. त्यांना एवढेच विचारतो, की धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून आपण दिवा ठेवतो तो कोणासाठी? भाऊबीजेला यमद्वितीया का म्हणतात? आपल्या वाडवडिलांनी ऐन सणात यमाला पाट मांडून ठेवला आहे. आपणच असे नाजूक झालो, की ‘मी गेल्यावर’ एवढे शब्द तोंडातून निघाले, तरी घरातली माणसे ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून अंगावर येतात.

मी वकील नाही. शाळेत मराठी शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. पण लहान गावात मास्तर म्हटला की लोक कागद वाचून घ्यायला येतातच, आणि त्यांतले पुष्कळसे कागद गेलेल्या माणसांचे असतात. कादंबरीत हे काम सोपे असते. नायक मरतो, त्याची बायको चार पाने रडते आणि पुढच्या प्रकरणात तिचा मुलगा डॉक्टर होऊन गावी येतो. मधल्या काळात ती बाई कोणकोणत्या कचेरीच्या बाकावर बसली, ते कोणी लिहीत नाही.

माझे एक सहकारी तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. मागे पत्नी, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि ऐंशीच्या घरातली आई. मृत्युपत्र नव्हते. माणूस सज्जन, कर्ज नाही, व्यसन नाही. ‘आमचे घर तसले नाही, आम्हांला कशाला हवेत कागद?’ हे त्यांचे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी ऐकले होते.

वहिनी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेल्या. तिथे कळले, की मुदत ठेवींना नॉमिनी म्हणून आईचे नाव आहे. लग्नापूर्वी नोकरी लागली तेव्हा घातलेले, ते पुढे तसेच चालत आलेले. बँकेने नियमाप्रमाणे पैसे आईच्या खात्यात भरले. आईचे पासबुक धाकट्या दिरांच्या कपाटात. दीर म्हणाले, ‘वहिनी, आईचे नाव होते, म्हणजे पैसे आईचेच झाले की!’

साफ खोटे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितले, शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे, ते ज्यांचे असतील त्यांना देण्यासाठी. आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची स्वकष्टाची मिळकत कोणाची, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलेले आहे: आई, विधवा, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. इथे चौघे, म्हणून प्रत्येकाला चार आणे. या चौघांतले एकही माणूस असेपर्यंत भावाला दमडीही नाही. परंतु कायद्यात असणे निराळे आणि पदरात पडणे निराळे. सासूशी भांडायचे म्हणजे घराची अब्रू जाते, म्हणून वहिनी गप्प बसल्या. दिरांना तेच हवे होते.

पुढचा फेरा शेअर्सचा. तिथे नॉमिनीच नव्हता.

‘वारस दाखला आणा, बाई.’

‘कोणता?’

‘कोणता म्हणजे? वारस दाखला!’

हा एक शब्द आपल्याकडे निदान तीन कागदांना चालतो, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला त्यांतला कोणता हवा ते पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. गावच्या चावडीवर होते ती जमिनीची वारस नोंद. ती फेरफारात चढते, तिच्यावरून सातबारावर नावे लागतात. पण तिने मालकी सिद्ध होत नाही आणि शेअर्सना ती चालत नाही. दिवाणी न्यायालय देते ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते येणी आणि रोखे यांच्यापुरते, जमिनीला त्याचा उपयोग नाही. आणि तिसरे तेच न्यायालय १८२७ च्या रेग्युलेशनखाली देते ते वारसपणाचे प्रमाणपत्र. हो, १८२७! एल्फिन्स्टनसाहेबाच्या अमदानीतला हा कागद आजही महाराष्ट्रात चालतो. वहिनींना पहिल्या कागदासाठी तलाठ्याकडे (त्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि दुसऱ्यासाठी तालुक्याच्या कोर्टात जावे लागले. अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, बाकीच्या वारसांची ना हरकत. त्यातच सातबारावर घरातले लाडके नाव, बँकेत शाळेतले नाव. म्हणून दोन्ही नावांचा माणूस एकच होता, असे प्रतिज्ञापत्र. चोवीस वर्षे ज्याच्या ताटात वाढले, तो माणूस एकच होता, हे बाईने शपथेवर सांगायचे!

कचेऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे आणि त्या त्यांनी पुष्कळ कमावलेल्या आहेत. मुंबईचेच पहा. मृत्युपत्र दादरच्या खोलीत बसून केले, तर हिंदूला ते उच्च न्यायालयातून प्रोबेट करून घेणे भाग. तेच ठाण्यात केले आणि मिळकतही मुंबईबाहेरची असली, तर नको. सातारच्या माणसाची गिरगावात एक खोली असली, की त्याचे मृत्युपत्र पुन्हा प्रोबेटच्या दारात. १९२५ च्या कायद्याचे २१३ वे कलम हा भेद गोऱ्या साहेबाची आठवण म्हणून सांभाळत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते काढून टाकले. उशिरा का होईना, बरे केले. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांना बजावले, की कागद पुरे झाल्यावर मृताच्या खात्याचा दावा १५ दिवसांत निकालात काढा. तंटा नसेल आणि नॉमिनीही नसेल, तरी सहकारी बँकेने ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांनी १५ लाखांपर्यंत कोर्टाचा कागद मागू नका. तेव्हा सरकार आपल्या बाजूने थोडे तरी हलले आहे.

हललेले नाही ते आपले घर. माझा खरा दावा त्याच्यावर आहे.

‘आमचे घर तसले नाही’ हे वाक्य नेहमी कोण म्हणतो? ज्याच्या हातात किल्ली असते तो. सुनेने हे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. या वाक्यात प्रेम थोडे आणि सोय जास्त. कागद नसला, की ज्याच्याकडे पासबुक त्याचे पैसे आणि जो तलाठ्याकडे आधी पोचला त्याची जमीन. माझ्याच समोर एका गृहस्थाने वारस नोंदीच्या अर्जात फक्त मुलांची नावे लिहून आणली होती. मुली कुठे, म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘त्या दिल्या घरी सुखी आहेत, मास्तर.’ सुखी असण्याने वारसा बुडतो, असे कायद्यात कुठे लिहिले आहे? वडिलार्जित मिळकतीतही २००५ पासून मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या वेळी बाप हयात नसला तरी हक्क आहेच, असे सांगितले. आता भाऊबीजेला काय घडते, ते ज्याने त्याने आपल्या घरात आठवावे. तबकात पाचशेची नोट पडते, आणि दुसऱ्या दिवशी बहीण बसने परत जाण्याआधी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला, तर बोलणारा मी कोण? पण सही केली नाही तर माहेर तुटेल या भीतीने केलेली सही राजीखुशीची, असे मी म्हणणार नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते, की ‘मृत्युपत्रांनीच घरे फुटतात.’ फुटतात, पण ती आधीच तडकलेली असतात, कागद फक्त तडा दाखवतो. शिवाय मृत्युपत्राला थोरपणा लागत नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी). शुद्धीवर असताना सही करायची आणि ती पाहणाऱ्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. ज्यांना वाटा मिळायचा आहे, त्यांना साक्षीला घेऊ नये. नंतर मन बदलले, तर नवे लिहावे.

वहिनींच्या अर्जाची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. मुलीने आपली ना हरकत पहिल्याच दिवशी दिली, मुलानेही दिली. सासूबाईंचा अंगठा अजून आलेला नाही. ‘दिवाळी होऊ द्या, मग बघू,’ असा दिरांचा निरोप आहे.

ज्यांच्या घरी असली तारीख अजून पडलेली नाही, त्यांना साक्षीदार शोधायला लांब जाण्याचे कारण नाही. पाडव्याला शेजारी फराळाला येतीलच. त्यांतल्या दोघांना चष्मा घेऊन यायला सांगावे.