चहाचा डाग

या अंकाचं मुखपृष्ठ तीनदा बिघडलं. चौथा कागद बोर्डावर ताणला, तो वाळेपर्यंत चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक पुन्हा उघडलं. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. कामावर कापडाची डिझाइनं आणि त्याच्या जोडीनं वर्षानुवर्षं चालू असलेली रोजनिशी. चित्रांत काय, तर झाडाचं पान, घड्याळ, सेफ्टी पिन, पाकीट. रंगसुद्धा बहुतेकदा दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल! मोठ्या विषयाची वाट बघत बसलेल्या चित्रकारांचा मला जरा धसकाच आहे. त्यामुळे ही सेफ्टी पिन फार जवळची वाटते.

मग मीही टेबलावरचंच काढायला घेतलं. बोटभर उरलेली पेन्सिल, खोडरबराचा चुरा, सुकलेली लिंबाची फोड. फोडीच्या सालीचा पिवळा काही केल्या जमेना. बाहेर पाऊस, बाजूला गार झालेला चहा. तासाभरानं ब्रश पाण्याऐवजी त्या कपातच बुचकळला, आणि जमला!

मुखपृष्ठावर तीच फोड आहे. तिच्याखालचा तपकिरी ओघळ चहाचा आहे. छापखान्याला कृपया बोल लावू नये.