कर्णबधिर विद्यार्थी : शाळेनंतर काय?

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की, कर्णबधिरांच्या एखाद्या विद्यालयाने शंभर टक्के यश मिळविल्याची वार्ता वृत्तपत्रांतून झळकते. शिक्षकांचे अभिनंदन होते, पेढे भरविल्याची छायाचित्रे छापली जातात. ते योग्यच आहे. परंतु हीच मुले पाच वर्षांनी कोठे असतात, याची वार्ता सहसा कोणी देत नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशभरात ५० लाखांवर भरली होती. एवढ्या मोठ्या समूहाच्या शालेय जीवनाविषयी थोडीफार आस्था आणि प्रौढ जीवनाविषयी जवळजवळ मौन, अशी आजची स्थिती आहे.

बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. जात, धर्म, बोली हे सारे मूल घरातून घेते. पण बधिर म्हणून कसे जगावे, हे शिकविणारे घरात कोणी नसते. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, याचा पहिला प्रत्यय त्याला शाळेत, बहुधा शाळेच्या वसतिगृहात येतो. तेथे ते हातांची भाषा शिकते आणि त्या भाषेतून त्याला स्वतःची ओळख पटते. शाळा संपते तेव्हा त्याची वर्गखोली तर सुटतेच, पण त्याचा भाषिक समाजही सुटतो. गावी परतलेल्या अठरा वर्षांच्या मुलाशी हवापाण्यापलीकडचे बोलू शकेल, असे घरात कोणीही नसते, ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आपल्याकडे रूढ असलेला 'मूकबधिर' हा शब्दच पाहावा. बहुसंख्य बधिरांच्या कंठात काही दोष नसतो. ऐकू येत नाही म्हणून बोलणे शिकता येत नाही, एवढेच. तरीही ज्याला आपली भाषा येत नाही त्याला भाषाच नाही, असे आपण गृहीत धरून चाललो. या समजुतीला विद्वानांचाही आधार होता. १८८० साली मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सांकेतिक भाषा वर्गाबाहेर घालवून केवळ वाचाशिक्षणाचा पुरस्कार केला. त्या ठरावांचा त्याग करून त्यांबद्दल खेद व्यक्त करायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. वाचाशिक्षण वा कॉक्लियर इम्प्लांट निरुपयोगी आहे, असे येथे सुचवायचे नाही. अनेकांना त्याचा लाभ होतो. पण ज्यांना तो होत नाही, त्यांनी भाषेविना राहावे काय?

भारताने २००७ साली मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या राष्ट्रसंघाच्या करारात बधिर समाजाची भाषिक ओळख जपण्याचे कलम आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय नोकऱ्यांत कर्णबधिरांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या आणि शासकीय व शासकीय अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत सर्व दिव्यांगांसाठी मिळून किमान पाच टक्के. कागदावर उणे काही नाही. व्यवहारात मात्र कायद्याच्याच दोन तरतुदी एकमेकींच्या आड येतात. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची सवलत या विद्यार्थ्यांसाठी सुचविलेली आहे. दहावीच्या उंबरठ्यावर ती वरदानासारखी वाटते. पण एकाच भाषेच्या आधारावर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुढे स्पर्धा परीक्षेतील इंग्रजीच्या प्रश्नांपुढे उभा राहतो, तेव्हा त्या सवलतीची परतफेड त्याला सव्याज करावी लागते. तो अपात्र ठरतो आणि राखीव जागा रिकामी राहते. ती पुढल्या वर्षीही भरली नाही, तर अन्य प्रवर्गातील दिव्यांगाला देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. म्हणजे शाळेने केलेल्या दयेची किंमत नोकरीच्या वेळी चुकवावी लागते, आणि ती दया करणाऱ्याला चुकवावी लागत नाही.

मोफत शिक्षणाच्या हक्काचीही तीच कथा. तो अठराव्या वर्षी संपतो. बधिरत्वाचे निदान उशिरा झालेले आणि म्हणून शाळेत उशिरा आलेले मूल अठराव्या वर्षी कित्येकदा दहावीच्या वर्गातच असते. वयाऐवजी पूर्ण केलेल्या इयत्तेची अट घालणे काही अवघड नाही.

महाविद्यालयांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दुभाषी नेमणे परवडत नाही, असे संस्थाचालक म्हणतात आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. वर्गात एक कर्णबधिर विद्यार्थी असो वा पंधरा, दुभाष्याचे वेतन तेवढेच. हे विद्यार्थी पंधरा महाविद्यालयांत विखुरले, तर प्रत्येक ठिकाणी हा खर्च अवाजवी ठरतो आणि कोठेच दुभाषी मिळत नाही. शिवाय भाषा ही अशी वस्तू आहे की, ती वापरणारे वाढले म्हणजे प्रत्येकासाठी तिचे मोल वाढते. एकट्या बधिर विद्यार्थ्याच्या खुणा शिकण्याची तसदी वर्गमित्र घेत नाहीत, दहाजण असले तर कँटीनवालाही शिकतो. म्हणून जिल्ह्यातील एकदोन महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था निवडून तेथे दुभाषी, वसतिगृह आणि पायाभूत इंग्रजीचे एक वर्ष अशी सोय करणे श्रेयस्कर. यामुळे मुले पुन्हा वेगळी पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. परंतु भरल्या वर्गात तीन वर्षे काही न समजता बसणे, हेही वेगळे पडणेच आहे.

दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. २०२३ च्या सप्टेंबरात कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. मराठीला विद्यापीठात आणताना परिभाषा कोशांसाठी किती वर्षे खपावे लागले, हे जाणणाऱ्यांना पदवीच्या विषयांसाठी खुणा घडविण्याचे काम केवढे आहे, हे सांगायला नको. ते काम ऐकणाऱ्यांच्या समितीवर सोपवू नये. त्या भाषेत वाढलेल्या, पदवी घेतलेल्या बधिर तरुणांना शिक्षक म्हणून नेमावे. सांकेतिक भाषा जाणणारे दिव्यांग शिक्षक नेमण्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहेच. विशेष शाळांच्या रिक्त जागांपासून याची सुरुवात करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.